फुगवट्यातला गाळ

३ फेब्रुवारी
अहेरीला पोचले. पहिली नोकरी! कुलदीप सर स्वतः बसस्टँडवर घ्यायला आले. प्राणहितेकाठी दोन खोल्या, समोर बंधाऱ्याने अडलेल्या पाण्याचा फुगवटा, पलीकडे सागाचं रान. आईला फोनवर सांगितलं, इथली वांग्याची भाजी तुझ्यापेक्षा बरी. रागावली.

५ फेब्रुवारी
काम समजलं. धानाच्या, बांबूच्या पानांतली सिलिका पावसाबरोबर नदीत येते. डायटम नावाचे सूक्ष्म जीव तिचीच काचेसारखी कवचं बांधतात, मरतात, संथ पाण्यात तळाशी बसतात. मग गाळ ती कवचं विरघळवून त्यांची चिकणमाती करतो. किती वर्षांत, ते सर शोधताहेत. लांब नळी गाळात खुपसून नमुना काढायचा, मी नोंदवायचा. नावाडी गफ्फारभाईंनी एक जागा दाखवली. म्हणाले, "बाई, इथी उतरू नका. मागच्या साली माही म्हैस फसली. वढून काढली, तं पाय गाळातच राह्यले." सर हसले.

८ फेब्रुवारी
सरांनी मला तिथेच उतरवलं. कमरेपर्यंत गेले. गफ्फारभाईंनी दोर टाकून ओढलं, तर मांड्या तुटतील असं झालं, मी किंचाळले. सरांनी दोर सोडायला लावला. अहेरीहून माणसं आणतो म्हणाले. वही गळ्यातल्या पिशवीत आहे, म्हणून लिहितेय.

९ फेब्रुवारी
माणसं आली नाहीत. सरांनी गाळावर फळ्या टाकून येऊन पाणी पाजलं, पोळी भरवली, डोक्यावर छत्री बांधली. मग माझ्या मांडीला लागून नळी घातली. संध्याकाळी धावतच आले. माझ्याभोवतीच्या गाळात एकही कवच उरलं नाही, सगळी माती झाली. शेकडो वर्षांचं काम एका दिवसात! तुझ्या उबेमुळे असेल, म्हणाले. अजून दोन दिवस थांब. मी हात जोडले. त्यांनी गाळाचं तापमान लिहून घेतलं.

१० फेब्रुवारी
माझा मोबाईल सरांकडेच आहे. आईचा फोन त्यांनीच माझ्यासमोर उचलला. "नूतन कामासाठी मुलचेऱ्याकडे गेलीय, तिकडे रेंज नाही," म्हणाले. गफ्फारभाई काठावरून ओरडले, "सर, बाई मरून राह्यली ना! काऊन काढत नाई तिले?" सर शांतपणे म्हणाले, नाव तुझी, दोर तुझा. पोलीस कोणाला धरतील? भाई रडत गेले.

११ फेब्रुवारी
पाय दुखत नाहीत. सरांनी मांडीतच नळी घातली. रक्त नाही. राखाडी माती निघाली, मऊ, ओली— त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली. डबीवर नंबर मलाच घालायला लावला. मी घातला.

१२
पाणी बंद. नमुना पातळ होतो म्हणे. आज पोटातून— माती. आई, मी मुलचेऱ्याला नाही—

१३
हात जड. कुठवर कळतं ते लिहीत राहा, म्हणाले. नळी छातीवर ठेवलीय. दाबताहेत. कळतं. अजून कळतं. कळ—