दोघांपुरती वाट

रविवार, १२ एप्रिल

प्रिय माऊ,

आज ऊन लवकर चढलं. सकाळी बागेत जाऊन आलो, कपडे धुतले, थोडा पडलो. परवा तू फोनवर विचारलंस की सुट्टीत पिल्लूला इथे काय काय दाखवायचं. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. आता नीट लिहितो.

तळ्यावर नक्की जाऊ. पायडलच्या बोटी नव्या आणल्यात. मोठ्या बागेतली छोटी रेल्वे चालू आहे, पण रांग फार असते, तेव्हा फाटक उघडतानाच गाठू. प्राणिसंग्रहालयात पाणघोडा तेवढा बघण्यासारखा उरलाय. वाघ दिवसभर पाठ करून झोपतो. तुझी आई म्हणायची, तिकीट आपण काढायचं आणि आराम यानं करायचा! काचघरातली कमळाची थाळीएवढी पानं पिल्लूला आवडतील.

घराजवळच्या टेकडीवरच्या बागेचं तू मुद्दाम विचारलंस. तिथल्या घसरगुंडीवरच तू वाढलीस, तेव्हा विचारणारच.

तिथं सगळे एकाच दिशेनं फेरी मारतात. तुझी आई उलट दिशेनं चालायची आणि तिच्यामुळे मीही. "लोकांच्या पाठी काय बघायच्या? तोंडं बघू," म्हणायची. एका फेरीत प्रत्येक जण दोनदा भेटायचा. ती दोन शब्द बोलायची, मी मान हलवायचो. आपलं घर कुठं आहे हे मात्र तिथं कुणालाच माहीत नाही. बागेतली ओळख फाटकापर्यंतच.

ती गेल्यावर बरेच दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग एकदा गेलो. वळणावर दमेकरी वकील भेटले. "काय हो, वहिनी कुठं? लेकीकडे ना? वाटलंच मला. तुम्हीही तिकडेच होतात तर!" त्यांनीच विचारलं, त्यांनीच उत्तर दिलं. मला नुसतं नाही म्हणायचं होतं. मी हो म्हणालो. पुढच्या फेरीपर्यंत सगळ्या बागेला कळलं.

आता रोज कुणीतरी तिच्यासाठी निरोप देतं. लाल टोपीवाल्या बाई बजावतात, "तिला म्हणावं, नातवाला कडेवर घेऊन जिने चढू नकोस, गुडघे नवे मिळत नाहीत." वकील खोकत खोकत चिडवतात, "लेकीनं दत्तकच घेतलं की काय वहिनींना? इकडे तुम्ही निम्मे झालात!" न सांगता गेली म्हणून काही जण तिच्यावर रागावलेतही. घरी येणारे हळू आवाजात बोलतात, तिच्यावर कुणी रागावत नाही. बागेत समोरून येणारे अजूनही कडेला सरून दोघांपुरती वाट सोडतात. एखाद्याची नजर माझ्यावरून सरकते आणि माझ्या डावीकडे, तिच्या उंचीवर, क्षणभर थांबते. हल्ली मीही तिकडे पाहतो.

तुझा चेहरा तिचाच. तू आलीस की ते लगेच ओळखतील, आणि लेक इथं तर आई कुठं, असं विचारतील. खोटं बोलायला मी तुला लावणार नाही, आणि खरं ऐकायची माझी अजून तयारी नाही. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहितोय. बाकी सगळीकडे जाऊ. ती एक बाग या खेपेला राहू दे. तिथं ती अजून तुझ्याकडे आहे.

दूध बाहेरच राहिलंय. तापवून घेतो.

तुझाच,
बाबा