पटलेल्यांची यादी

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून घरात वाद बंद.

काल रात्रीच्या जेवणात तीन वाद झाले. एक बायकोशी, एक तिच्या भावाशी, एक टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंशी. तिन्ही मीच जिंकलो. बायकोचं म्हणणं, तुम्ही जिंकलात तेव्हा टेबलावर तुमच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मुद्दा तांत्रिक आहे, तरी मी मोठ्या मनाने मान्य केला.

तिने अट घातली आहे. वॉर्डाची निवडणूक होईपर्यंत आणि लेकीचा कॉलेजचा प्रवेश होईपर्यंत जेवताना राजकारण, शिक्षण आणि मोबाइल हे विषय काढायचे नाहीत. काढले तर ती ताट उचलून आतल्या खोलीत जाणार. लेकही तिच्यामागे जाणार. मेहुणा त्याच्या घरी जाणार, ही त्यातली जमेची बाजू.

मला काहीच अडचण नाही. बोलायला दवाखाना आहे. एकवीस वर्षं लोकांचे दात बघतोय, एकाही पेशंटने आजवर माझा मुद्दा खोडलेला नाही. शिकलेली माणसं शांतपणे ऐकून घेतात. घरचीच तेवढी ऐकत नाहीत.

३ मार्च. दुपारी १.१५

कोपऱ्यावरचे टेलर आले होते. खालची दाढ, रूट कॅनल. टेलर पक्के ‘त्यांच्या’ पक्षाचे, सगळ्या गल्लीला माहीत. भूल दिली, गालात कापसाचे बोळे ठेवले, लाळ ओढायची नळी लावली आणि रस्तारुंदीचा प्रश्न पहिल्यापासून मुद्देसूद समजावून सांगितला. सुरुवातीला ते हात वर करत होते. वीस मिनिटांनी शांत झाले. मी विचारलं, पटतंय ना? त्यांनी मान हलवली. ड्रिल चालू असताना मान हलवू नका, असं मी लगेच बजावलं, पण पटलं हे नक्की.

वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. क्रमांक एक, टेलर.

४ मार्च, मंगळवार

वाद घातला नाही. मेहुणा म्हणाला, त्यांचा उमेदवार काम करणारा आहे. त्यावर मी फक्त माहिती दिली. माहिती देणं म्हणजे वाद घालणं नव्हे. हे मी बायकोला सांगायला गेलो तेव्हा ती ताटासकट आत पोचली होती. बंद दाराबाहेर उभं राहून सांगितलं. आतून कोणी विरोध केला नाही.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी

आनंदाचा दिवस. लेक कॉलेजचा फॉर्म घेऊन दवाखान्यात आली. म्हणाली, बाबा, मला ना खरं तर… मी म्हटलं, माहीत आहे. माझ्यानंतर ही खुर्ची तुझीच. गादी उसवली आहे, तू शिकून येशील तोवर नवीन बसवून घेऊ.

ती म्हणाली, एकदा वाचून तरी… तेवढ्यावरून मला सुचलं. हल्ली वाचतं कोण? जाहीरनामा न वाचता मत देतात, मेसेज न वाचता पुढे ढकलतात, मोबाइलवर पानभर अटी आल्या की न वाचता ‘मान्य’ दाबून मोकळे होतात. शिक्षणाची सगळी माती झाली ती यामुळेच. दहा-बारा मिनिटं बोललो. ओघ चांगला होता. बोलता बोलता तीन ठिकाणी सह्याही करून टाकल्या.

लेक सह्यांकडे बघत उभी होती. आपल्या बापाचा अभिमान वाटत असावा. मलाही भरून आलं. एकुलती एक मुलगी, बापाचा धंदा पुढे चालवणार, आणखी काय हवं?

११ मार्च, मंगळवार

दवाखान्यात टॅबलेट आला. गोळी नव्हे, काचेची पाटी. लेक आणि मदतनीस मावशी यांचा संगनमताने केलेला कट. मावशी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत आणि पहिल्या दिवसापासून माझं ऐकत नाहीत. आता पेशंट घरूनच वेळ ठरवणार. मी विरोध केला. माझं रजिस्टर काय वाईट आहे? मावशी म्हणाल्या, तुमचं अक्षर तुमच्याशिवाय कोणाला लागत नाही. मी रजिस्टर उघडून आज कोण येणार ते वाचून दाखवायला घेतलं. प्रकाश कमी होता.

मी हरलो नाही. यंत्राला एक संधी दिली.

१६ मार्च, रविवार

मतदान झालं. यादी चौऱ्याहत्तरवर बंद केली. दोन जणांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण त्यांची फक्त कवळी घासायची होती, तोंड मोकळं होतं आणि ते बोलले. बाकी सगळे ठाम.

आपला उमेदवार या केंद्रावर आघाडी घेणार. हे जेवताना बोललो नाही. जेवण संपल्यावर, ताटं उचलताना बोललो.

१८ मार्च, मंगळवार

निकाल. आपल्या उमेदवाराला आमच्या केंद्रावर बावन्न मतं. मला धरून.

चौऱ्याहत्तर कुठे, बावन्न कुठे. कारणांचा विचार केला. काही पेशंट त्या दिवशी आजारी असतील. काहींना भुलीचा अंमल उतरल्यावर मुद्दे आठवले नसतील. बायको म्हणाली, मला त्या बावन्नात धरू नका, मी दुसऱ्याला दिलं. किती वर्षं हे चालू आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून.

दुपारी विजयाची मिरवणूक दवाखान्यावरून गेली. सगळ्यात पुढे टेलर नाचत होते, तोंड भरून हसत. गालाची सूज पूर्ण उतरलेली दिसली. काम उत्तम झालं आहे.

२१ मार्च, शुक्रवार

काचेच्या पाटीवर पेशंट डॉक्टरांविषयी मत लिहू शकतात, हे मला आजच कळलं. दहा दिवसांत एकोणीस जणांनी लिहिलंय. मावशींनी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना इतक्या उत्साहाने काम करताना मी प्रथमच पाहिलं.

‘हात हलका आहे. बोलणं जड आहे.’

‘डॉक्टर उत्तम. कानालाही भूल मिळते का?’

‘माझं मत विचारलं, पण तोंडातून हात काढला नाही.’

हात हलका ही मोठी पावती आहे. बाकीच्यांना सविस्तर उत्तरं लिहायला बसलो. पहिल्याच उत्तराची चार पानं झाली. मावशींनी पाटी कपाटात ठेवली आणि किल्ली कुठे आहे ते आठवत नाही म्हणाल्या.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी

घरात कट शिजला आहे.

पालक म्हणून माझ्या नावावर पत्र आलं. शुक्रवारी मुलाखतीला मुलीसोबत हजर राहावे. दाताच्या कॉलेजचं नाही. स्पीच थेरपीच्या संस्थेचं. ज्यांना बोलताना अडखळायला होतं, पक्षाघाताच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली, अशांना पुन्हा बोलायला शिकवायचा कोर्स. चार वर्षांचा.

मी घर डोक्यावर घेतलं. ही फसवणूक आहे म्हणालो. बायकोने फॉर्मची झेरॉक्स पुढे ठेवली. अभ्यासक्रमाचं नाव ठळक अक्षरात. खाली माझी सही. तीन ठिकाणी.

मग कळलं की बायकोला माहीत होतं. मेहुण्याला माहीत होतं. मावशींना माहीत होतं. टेलरनासुद्धा माहीत होतं, मुलाखतीचा ड्रेस त्यांच्याकडे शिवायला टाकलाय.

मी लेकीला म्हटलं, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. ती म्हणाली, डिसेंबरपासून अकरा वेळा सांगायला आले. दर वेळी तुम्ही म्हणालात, माहीत आहे.

खरं तर वाईट वाटलं. रागापेक्षा जास्त. ती खुर्ची मी पहिल्या कमाईतून घेतली होती. ती कोणाची होणार याचं उत्तर मी पाच वर्षं मनात तयार ठेवलं होतं. प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, हे आज लक्षात आलं.

२६ मार्च, बुधवार

काल सोळा मुद्दे काढले. दातांचं शिक्षण का घ्यावं, तीनशे वर्षांच्या इतिहासासकट. रात्री जेवताना पहिला मुद्दा मांडला आणि दोन ताटं आत गेली. मेहुणा तेवढा थांबला. त्याने सोळाच्या सोळा ऐकले आणि म्हणाला, दाजी, तुमचं अगदी बरोबर आहे. राजकारणात, शिक्षणात, मोबाइलच्या कव्हरपर्यंत कशातही याला माझं आजवर पटलेलं नाही. त्याला पटलं म्हटल्यावर मलाच माझ्या मुद्द्यांची शंका यायला लागली. रात्रभर कूस बदलत होतो.

आज सकाळी मार्ग सापडला. शुक्रवारी मी जाणार. तिथल्या लोकांनाच पटवून देणार की ही मुलगी या कामाची नाही, जागा दुसऱ्या कोणाला द्या. सुशिक्षित लोक आहेत, ऐकतील. लेकीने विचारलं, तिथे तुम्ही काय बोलणार? मी म्हटलं, काही नाही, नुसता बसेन. हे खोटं बोलणं नव्हे, धोरण आहे.

मग ती म्हणाली, बाबा, मला ही जागा खरंच हवी आहे. एवढं वाक्य तिने एका दमात पूर्ण केलं. मी मध्ये कसा बोललो नाही, कोण जाणे.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.३०, संस्थेच्या जिन्यात बसून

घात झाला.

खोली लहान. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. समोर एक वयस्कर मॅडम. सोळा मुद्दे माझ्या खिशात. लेक नव्या ड्रेसमध्ये, हात मांडीवर घट्ट धरून. मॅडम म्हणाल्या, आधी पालकांना विचारते. तुमच्या मुलीला हे का शिकायचंय?

मी तोंड उघडलं. तोंडात कापूस नव्हता, नळी नव्हती, कोणाचा हात नव्हता. तरी शब्द फुटेना. दात, राजकारण, रस्तारुंदी, कशावरही विचारलं असतं तर तासभर बोललो असतो. हे मात्र मला माहीत नव्हतं.

आणि त्या मॅडम थांबल्या. नुसत्या थांबल्या. मदत केली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, माझं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. माझ्यासाठी कोणी असं थांबल्याचं मला आठवत नाही. शेवटी मी म्हणालो, विचारलं नाही मी तिला.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. लेक स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मग मला बाहेर बसायला सांगितलं. मुद्दे खिशातच राहिले. माझ्यामुळे तिची जागा जाणार असं वाटतंय. आज सकाळपर्यंत मला तेच हवं होतं. आता नकोय.

२८ मार्च. संध्याकाळी

जागा मिळाली. लेक बाहेर आली ती हसतच. मी रुमालाने चष्मा पुसला, बराच वेळ.

बसस्टॉपवर बाकावर बसलो. बस यायला पाऊण तास होता. मी विचारलं, का गं शिकायचंय तुला हे? खरंच विचारलं.

तिने सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला मी मध्ये बोललो. ती थांबली, माझं होऊ दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. मी परत बोललो. ती परत थांबली. रागावली नाही, उसासा टाकला नाही. अजून शिकायला गेलेलीसुद्धा नाही आणि हात असा बसलेला. चौथ्या खेपेला मी दोन्ही ओठ दातांत धरले आणि तिचं सांगून पूर्ण झालं.

लहानपणी शाळा सुटली की ती दवाखान्यातल्या बाहेरच्या बाकावर अभ्यासाला बसायची. हे मला आठवत होतं. पुढचं माहीत नव्हतं. पेशंट बाहेर यायचे, गाल बधिर, जीभ वळत नाही, शब्द गळून पडायचे. मावशींना कळायचं नाही, रिक्षावाल्याला कळायचं नाही. हिला कळायचं. ती वही बाजूला ठेवून थांबायची आणि ते सावकाश काय ते सांगायचे. आपल्याला हे जमतं, असं तिला तेव्हाच वाटलं. सातवीत होती.

मला बरं वाटलं. म्हणजे शेवटी सगळं माझ्या दवाखान्यातूनच आलं. असं काय सांगायचे ते तुला, असं मी कौतुकाने विचारलं.

ती जरा घुटमळली. म्हणाली, बहुतेक जण एकच सांगायचे. दुखणारा दात शेजारचा होता. डॉक्टर बोलत होते म्हणून सांगता आलं नाही.

ते पेशंट परत आले नाहीत, तेव्हा बरे झाले असं मी धरून चाललो होतो.

बस आली. चढलो. तीन स्टॉप मी परत न आलेले पेशंट मोजले. चौथ्याला विचारलं, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, सांगत होते.