पहिल्यांदाच होय म्हणणारा पाहुणा

धाराशिव,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५, दुपारचे साडेतीन

अम्मी, सलाम.

आत्ताच चहा करून लिहायला बसलो. तब्येत ठीक आहे, डबा वेळेवर येतो. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

मी बनवतोय त्या कॉम्प्युटर गेममध्ये खेळणारा मुसाफिर होऊन गावोगाव हिंडतो. पहिलं गाव आपलं ईट, आणि पहिल्या दारात तुम्ही. "चहा घेऊन जा, बेटा," म्हणता. तो दोनदा नको म्हणतो. तिसऱ्या आग्रहाला बसतो, मग तुम्ही त्याला पुढची वाट सांगता.

काल पुण्याच्या निकिता मॅडमनी हा गेम खेळून पाहिला. पसंत पडला तर त्यांची कंपनी बाजारात आणेल. त्यांनी पहिल्यांदाच होय दाबलं. तुम्ही दारात तशाच उभ्या राहिलात आणि गेम अडकला.

"अहो समद, चहा हवा म्हटलं तर बाईंचा पुतळाच झाला!" त्या हसल्या.

पहिल्याच विचारण्याला कुणी होय म्हणेल, हे मला सुचलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा बघणार आहेत. खोलीतला उत्कर्ष म्हणतो, "अरं, सरळ चहा दे की!" पण तसं केलं की दारातली बाई तुम्ही वाटत नाही. चूक गेममध्ये आहे की माझ्यात, तेच कळेना. अशा पाहुण्याला तुम्ही काय म्हणाल?

हुमेराआपाचा खोकला थांबला का?

रविवारी तुम्ही विचारलंत, "दोन दिवस घरी येतोस का?" मी नको म्हणालो. तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवलात. अम्मी, तुम्ही पुन्हा विचारलंच नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
समद