पायावरचा निखारा

आबा, परवा आखाजी झाली, आपली पितरांची अक्षय्य तृतीया. तुमच्या नावाची घागर भरली, वर खरबुजाचं डांगर ठेवलं आणि विस्तवावर घासाची आगारी टाकायला मी चुलीपुढे बसलो. मांडी घालता येत नाही, म्हणून डावा पाय लांब केला होता. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या डाळमिलमध्ये ट्रकच्या फळीवरून तुरीच्या पोत्यासकट पडलो. तेव्हापासून कंबरेतून कळ निघते ती करंट लागल्यासारखी गुडघ्यापर्यंत येते, आणि त्याखाली काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, वेळ लागेल. किती, ते बोलले नाहीत. आता मी पोती उचलत नाही, बसून त्यांची तोंडं शिवतो. याचं वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटत नाही.

तुमच्या नावानं पुरणपोळीचा घास निखाऱ्यांवर ठेवला, तूप सोडलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मागून बायको म्हणाली, "काय जळी ऱ्हायनं?" तूप असेल, मी म्हणालो. एक निखारा घरंगळून माझ्या पावलावर आला होता. तिनंच चिमट्यानं तो उडवला. मी नुसता बघत होतो, पाय शेजाऱ्याचा असावा तसा.

मग धुळ्याचा तो दिवस आठवला. थोरल्या बहिणीचा, तुमच्या लेकीचा, साखरपुडा आहे. तुम्ही मार्केट यार्डातून हमाली आटोपून थेट मांडवात येताय. पोत्याखाली कंबर दुखावल्याला वर्ष झालंय. एका पायात चप्पल, दुसरा पाय फरफटतोय, आणि त्यातली चप्पल कुठं गळाली तुम्हाला पत्ता नाही. पाहुणे बघताहेत. मी तुम्हाला बाजूला ओढतो, तुमच्या तोंडाजवळ नाक नेतो. तुम्ही हळूच म्हणता, "पाय मनाच शे रे भाऊ, पन माले कळस नही." आपलाच पाय आपल्याला कळत नाही, असं कुठं असतं का, असं वाटून मला रागच आला. पाहुण्यांकडे वळून मी हसत म्हणालो, आबांनी आज जरा घेतलीय. तुम्ही ते ऐकलंत. पंगतीला बसला नाहीत. त्यानंतर तुम्ही चप्पल घालणंच सोडलंत, पार शेवटपर्यंत.

परवा बायको माझ्यावर वाकली तेव्हा मी श्वास धरला. वाटलं, आता ही माझं तोंड हुंगणार. तिनं भाजल्या जागेवर फुंकर घातली आणि विचारलं, बरं वाटतंय का. हो म्हणालो. मला फुंकर कळलीच नव्हती. पण पाय गेलाय हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तिनं माझ्यासारखंच केलं तर, एवढीच भीती अजून जिवंत आहे.

हे लिहिलेलं तुमच्या घागरीखाली ठेवणार होतो. घागर उचलताना तिच्या हाती लागेल, म्हणून वहीतच राहू देतो. त्या दिवशी तुमच्या तोंडाला वास नव्हता, आबा. मला तेव्हाच कळलं होतं.