नीरवचा गुडघा, बाबांची कंबर

देरा, दुबई
मे २००१

प्रिय नीरव,

फोनवर तू ‘आय अ‍ॅम फाइन, आई’ म्हणतोस आणि खलास, बोलणं संपतं. म्हणून हे पत्र. तुझं मराठी वाचन आठवून मोठ्या अक्षरांत लिहितेय, निम्म्यात सोडू नकोस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विचारलं, आता कुठे आहेस, तर म्हणालास, ‘बिटवीन टीम्स.’ पाच टीम झाल्या तुझ्या, प्रत्येकीचं गाव मी अमेरिकेच्या नकाशात शोधलं. हे काही सापडलं नाही.

दुकान ठीक चाललंय. आपला गोडा मसाला आता शारजापर्यंत जातो. रफिक अजूनही डिलिव्हरीला तुझ्या तिसऱ्या टीमची जर्सी घालतो. तिच्यात तो आणि त्याचा भाऊ दोघं मावतील, पण ‘नीरवभाई का है’ म्हणून सोडत नाही. ती बघून गिऱ्हाइकं चौकशी करतात. फुटबॉल म्हटलं की त्यांना वाटतं, तू गोल मारत असशील. मग बाबा समजावत बसतात, की ह्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, आणि आमच्या नीरवचा तर हातही लागत नाही. त्याने फक्त समोरच्याला अडवायचं. गिऱ्हाईक हिंगाची डबी उचलून घाईने निघून जातं.

इंजिनियर व्हायला पाठवलेला मुलगा लोकांना ढकलायच्या नोकरीला लागला, ह्याचं बाबांना किती वाईट वाटलं होतं, तुला ठाऊकच आहे. पण तू पाठवलेली मॅचची कॅसेट लावली त्या शुक्रवारी सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या कुमुदमावशी स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. तासभर आम्ही तुझी पाठ पाहिली. मावशींचं आपलं एकच, ‘अहो, ह्याला चेंडू कधी देणार? एवढा थोराड पोरगा, बिचारा नुसता वाकून उभा!’ आणि मग तो कॉमेंट्रीवाला एकदम ओरडला, ‘अँबरडेकार!’ आपलं आडनाव, अमेरिकेत! बाबा अनवाणी खाली पळाले आणि अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटून आले. पुढे तू सांगितलंस, की तेव्हा तू समोरच्याला धरून ठेवलंस म्हणून तुमच्या टीमला शिक्षा झाली होती. तोवर पेढे पचले होते.

आता खरं सांगते. गेल्या आठवड्यात बाबा टाय लावून, रफिकला घेऊन जुमेऱ्यातल्या एका अमेरिकन शाळेत गेले. तिथे हा खेळ शिकवायला माणूस हवाय, असं रफिक कँटीनला मसाला पोचवताना ऐकून आला होता. प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, मुलगा कुठल्या जागी खेळायचा? बाबांनी कोट काढला, गालिच्यावर एक हात टेकला आणि तुझ्यासारखे वाकले. ते तसेच राहिले. कंबर धरली! रफिकने आणि शिपायाने उचलून बाहेर आणलं, तरी दारातून ओरडले, ‘मॅडम, माय सन इज मच बेटर दॅन मी!’ बाई हसून म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये जागा आहे, इन्शाल्ला, त्याला येऊन भेटू दे. तेव्हापासून बाबा शेकायची पिशवी घेऊन आडवे आहेत. मला बजावलंय, नीरवला लिहू नकोस, त्याला वाटेल आपण खेळ सोडायला सांगतोय. बाळा, तसं मी सांगत नाही. मन असेल तर सहावी टीम बघ. पण गुडघा नको म्हणत असेल, आणि आम्हाला तोंड कसं दाखवू म्हणून तिकडे थांबला असशील, तर ये. आज सकाळपासून मात्र बाबा भिंत धरून चालायचा सराव करताहेत. मी विचारलं, एवढी काय घाई? तर म्हणाले, ‘एअरपोर्टवर केवढं चालावं लागतं, माहितेय ना?’

तुझीच, आणि न सांगता बाबांच्याही वतीने,
आई