मंडईतलं सुरक्षित अंतर

१ डिसेंबर, सोमवार. लोणावळा.
मला कोंबड्यांची भीती वाटत नाही. मला त्यांच्यापासून अंतर आवडतं. फरक आहे.
प्रतीक्षाला तो कळत नाही. ती माझी हॉस्टेलची रूममेट. शनिवारी तिचं लग्न, आंदर मावळातल्या घरी. तिथे कोंबड्या घरभर हिंडतात. सहा वर्षं मी तिच्या गावी जाणं टाळलं; कधी साइट, कधी ताप. काल फोनवर म्हणाली, हळदीला आली नाहीस तर पुढे फोनही करू नकोस. आवाज चढवला नाही. म्हणजे खरंच म्हणाली.
म्हणून प्लॅन. नाशिकहून लवकर निघाले, तिच्या गावाअलीकडे लोणावळ्यात उतरले. इथे जुनी झाकलेली मंडई आहे: दगडी कमानी, छपराच्या लोखंडी कैच्या, वर कौलं. पर्यटक म्हणून बघायची. टोकाच्या गाळ्यात जिवंत कोंबड्या, पिंजऱ्यात. रोज थोडं जवळ जायचं. साइटवर पुलाची लोड टेस्ट आम्ही अशीच टप्प्याटप्प्याने करतो. पूल घाबरत नाही. मीही नाही.

२ डिसेंबर, मंगळवार.
मंडई सुंदर. कैच्यांचे रिव्हेट अजून घट्ट. कौलांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या थेट मेथीवर.
गाळ्याच्या अलीकडच्या खांबापर्यंत गेले. खांबाला मिठी मारली. ओतीव लोखंड आहे, तपासत होते. हात घामेजले, आत हवा खेळत नाही.
गाळेवाले गुलजारभाई. त्यांनी एका तांबड्या कोंबड्याचा भाव सांगितला. शेपटीत एकच पांढरं पीस, एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मी मागे सरकले. गुलजारभाईंनी भाव उतरवला.
टप्पा पूर्ण.

३ डिसेंबर, बुधवार.
खांबाच्या पुढे गेले. पंख फडफडले. मी लसणीच्या ढिगामागे. लसूणवाली मावशी म्हणाली, पोरी, माजा लसूण तुडवू नगं, कोंबडा काय खात न्हाई तुला. मी म्हणाले, छप्पर बघतेय. मग वर बग की, म्हणाली, पिंजऱ्यात कुटं आलं छप्पार?
गुलजारभाईंनी पुन्हा भाव उतरवला. वर कुरकुर: मार्गशीर्ष आहे ताई, गिऱ्हाईक नाही, त्यात आंदर मावळातला एक म्हातारा घरच्या सगळ्या कोंबड्या एकदम टाकून गेला, ठेवू कुठे?
म्हातारा समजूतदार वाटला.

४ डिसेंबर, गुरुवार.
मंडईत गेले नाही. मार्गशीर्षातला गुरुवार. मी उपास करत नाही, पण परंपरेचा आदर ठेवावा.
प्रतीक्षाचा मेसेज: येतेयस ना? एवढाच. मी टाइप केलं, साइटवर अर्जंट काम. खोडलं. ताप आहे, टाइप केलं. तेही खोडलं. शेवटी 'येतेय' पाठवलं आणि लॉजच्या पलंगावर पाय वर घेऊन बसले. चिक्कीचा अख्खा पुडा संपवला. पर्यटक म्हणून.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपार.
फायनल टेस्ट. थेट पिंजऱ्यासमोर. पाय हलत नव्हते, म्हणजे स्थिर होते. तोंडातून शब्द फुटेना. गुलजारभाई भाव उतरवत गेले, मी गप्प. लोक जमले. मावशी त्यांना म्हणाली, लय चिवट हाय ही, तीन दिस झालं, तोंड उगडंना. शेवटी गुलजारभाई वैतागले. म्हणाले, न्या ताई, घ्या तुमच्या भावात, पण उद्या दारात उभं राहू नका, बाकीची गिऱ्हाइकं शिकतील.
आणि पाय बांधलेला तो तांबडा कोंबडा माझ्या हातात.
मी किंचाळले नाही. आवाज निघालाच नाही. मावशी म्हणाली, उलटा धर, गप ऱ्हातू. दोघंही गप राहिलो.
भाव करण्याची कला माझ्यात आहे हे माहीत नव्हतं. आता लग्नघरी भेट म्हणून नेणार. मावशीने त्याला पिशवीत घातलं. कान्ह्यापर्यंत लोकल, पुढे जीप. हात संपूर्ण वेळ ताठ. भीती असती तर पिशवी टाकली नसती का? बोटं उघडत नव्हती, हा वेगळा मुद्दा.

५ डिसेंबर, संध्याकाळ. प्रतीक्षाचं घर.
अंगणात एकही कोंबडी नाही. खुराडं रिकामं, झाडलेलं.
प्रतीक्षा हळदीच्या अंगाने धावत आली, मला मिठी मारली, मग पिशवी हलताना बघितली. तिचे वडील, अंबाजी आबा, पिशवीत डोकावले, शेपटीतलं पांढरं पीस दिसलं आणि मटकन खाली बसले. म्हणाले, आगं, ह्यो तर आमचाच! तू भ्येतीस म्हून समद्या मंडईत नेऊन इकल्या म्या.
मी म्हणाले, भीती नाही, अंतर आवडतं. प्रतीक्षा हसत म्हणाली, गप गं, तुझा ताप कोंबडीचा असतो हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.
आबांनी कोंबड्याचे पाय सोडले. तो अंगणात थांबला नाही. सरळ आतल्या खोलीत, माझ्यासाठी घातलेल्या खाटेवर, उशाशी. आबा ओशाळले. म्हणाले, तितंच बसतू त्यो, पिल्लू व्हता तवापास्नं. मी म्हणाले, असू दे, त्याची सवय मोडू नका.
मी ओट्यावर आहे. हवा छान. खोलीला बाहेरून कडी. प्रतीक्षा शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला, म्हणाली, थरथरतेयस. थंडी आहे, मी म्हणाले.
हो, थंडी आहे, ती म्हणाली. आणि उठून कडी पुन्हा एकदा बघून आली.