मासा मीच निवडला

शनिवार, रियाध. संध्याकाळ.

आज सकाळी अलेक्झांड्रियाहून घरी आलो. बॅगा अजून तशाच पडल्यात, पण हे आधी लिहिते, नाहीतर चैन पडणार नाही.

पाच दिवस ह्यांचं एकच पालुपद, "हात लावू नकोस." किल्ल्याच्या भिंतीला नको, लायब्ररीतल्या पुस्तकाला नको. समुद्रकाठच्या हॉटेलातही तेच. तिथे बर्फावर मासे मांडलेले असतात, आपण निवडायचे, ते भाजून देतात. ह्यांनी एक भलामोठा बोई दाखवला. मी सरळ त्याचा कल्ला उघडला. काळपट!

"अगं, हात लावू नकोस! लोक बघतायत."

बघू देत की. हर्णैच्या बंदरावर वाढलेली मी, कल्ला न बघता मासा घेईन? मालकाला मोडक्यातोडक्या अरबीत सुनावलं, "हा कालचा आहे." तो आधी गुरगुरला, मग हसला आणि आतून दुसरी टोपली घेऊन आला. लालभडक कल्ले! शेजारच्या टेबलावरच्या बाईनंही मग माझ्याकडूनच मासा निवडून घेतला. आणि ह्यांनी? दोन बोई एकट्यानं संपवले.

आणि आत्ता, मी कणीक मळत असताना, ह्यांच्या मित्राचा फोन. तेही तिकडेच निघालेत, काय काय बघू म्हणून विचारत होते. हे भराभर किल्ला, लायब्ररी सांगत गेले. मग अडले.

"माशांचं... थांब, बायकोला देतो. त्यातलं तिलाच कळतं."

मी कणकेचे हात पुढे केले.

"हात लावू नकोस," म्हणाले, "मी धरतो."

धरून उभे राहिले माझ्या कानाशी. मी मुद्दाम लांबवलं.